घरची बॅटरी लोड किती पटकन उचलते? घरच्या घरी तपासायची रीत

"इन्व्हर्टर स्लो आहे, बॅटरी बदलायला लागते." परभणी असो की लातूर, दुकानात हे वाक्य ऐकून लोक बॅटरी बदलून मोकळे होतात आणि आठवड्याभरात तीच तक्रार घेऊन परत येतात. बॅटरी शिशाची असो वा लिथियमची, मागितला की करंट ती जवळजवळ त्याच क्षणी देते. उशीर होतो तो रिलेत (लाईन बदलणारा आतला स्विच), मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, सेटिंगमध्ये किंवा ढिल्या लगमध्ये (केबलच्या टोकाची, बॅटरीला आवळायची कडी). उशीर नेमका कुठे होतो ते न शोधता खर्च करू नका. त्यासाठी खालच्या पायऱ्या आहेत आणि त्या याच क्रमाने करायच्या आहेत. क्रम बदलला की आकडे फसवतात.

आधी ठरवा: तक्रार कोणत्या वेगाची?

'वेग' म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो.

पहिली, लाईट गेल्यावर घर बॅटरीवर यायला लागणारा वेळ. हा मिलिसेकंदात मोजतात. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू होत असेल किंवा वायफाय तुटत असेल, तर तक्रार हीच.

दुसरी, घर बॅटरीवर चालू असताना मिक्सर, फ्रिज किंवा घरघंटी सुरू झाली तर व्होल्टेज किती पडतं आणि किती लवकर सावरतं. दिवे मिचकतात, इन्व्हर्टर ओव्हरलोडचा बीप देतो, ती ही तक्रार.

तिसरी फक्त सोलरच्या हायब्रीड इन्व्हर्टरवाल्यांची, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि लाईन तिन्ही एकत्र चालवणाऱ्या इन्व्हर्टरची. लाईट चालू असताना घरातला लोड वाढला की बॅटरी तो किती सेकंदात अंगावर घेते आणि तोवर मीटर किती फिरतं. हा हिशेब सेकंदांचा असतो.

मिलिसेकंदाचं दुखणं सेकंदाच्या औषधाने जात नाही. तिन्हींपैकी आपलं कोणतं ते एका ओळीत कागदावर लिहा, मग पुढे चला.

पायरी १ : तयारी

बॅटरीवर येणाऱ्या प्रत्येक वस्तूची पाटी वाचा आणि वॅट लिहून काढा. मोटार असलेल्या वस्तूंवर खूण करा: फ्रिज, कूलर, मिक्सर, घरघंटी, पाण्याची मोटार. साधी इंडक्शन मोटार सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, कधी त्याहून जास्त. एक एचपीची मोटार म्हणजे ७४६ वॅट, म्हणून हजार वॅटचा इन्व्हर्टर पुरेल, हा हिशेब इथेच कोसळतो. ७४६ वॅट हे मोटारीचं बाहेर पडणारं काम आहे. आत जाणारी वीज हजारच्या आसपास असते आणि सुरुवातीचा झटका त्याच्या कितीतरी वर जातो.

हाताशी लागणारी साधनं अशी:

- ट्रू आरएमएस मल्टिमीटर, म्हणजे लाटेचा आकार कसाही असला तरी व्होल्टेज बरोबर मोजणारा. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर साधा मल्टिमीटर व्होल्टेज चुकीचं दाखवतो.
- डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, ते बॅटरीच्या केबलला लावून उपयोग नाही. झटका पकडायचा असेल तर त्यावर 'इनरश'चं (सुरुवातीचा करंट पकडणारं) बटण हवं.
- हजार वॅटची इस्त्री. ठाम, ओळखीचा आणि मोटार नसलेला लोड.
- स्लो मोशन असलेला फोन, सेकंदाला २४० फ्रेमचा.

बॅटरी पूर्ण चार्ज करून किमान तासभर शांत ठेवा. नुकत्याच चार्ज झालेल्या शिशाच्या बॅटरीचं व्होल्टेज फुगलेलं असतं.

सावध: १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक गाफील राहतात. पाना दोन्ही टर्मिनलवर टेकला तर तो लाल होईपर्यंत करंट वाहतो. हातातली अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. शिशाच्या बॅटरीजवळ काडी, बिडी, उदबत्ती नको, चार्जिंगच्या वेळी तिथे हायड्रोजन निघतो. मेन बोर्ड उघडायचा असेल तर ते काम वायरमनचं.

पायरी २ : केबल आणि लग, सगळ्यात आधी

ही पायरी सगळे गाळतात आणि निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर हजार वॅटचा लोड टाकला की बॅटरीच्या केबलमधून शंभर अँपिअरच्या घरात करंट जातो. एवढ्या करंटला एक ढिला नटसुद्धा अर्धा व्होल्ट खातो आणि इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली.

मेन बंद करून घर बॅटरीवर आणा. इन्व्हर्टर जेवढा भार झेलतो त्याच्या निम्म्याच्या आसपास लोड चालू ठेवा. आता मल्टिमीटर डीसीवर ठेवून दोन जागी मोजा: एकदा थेट बॅटरीच्या खांबावर, म्हणजे शिशाच्या गोळ्यावर, लगवर नाही. एकदा इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर. दोन्हींतला फरक १२ व्होल्टच्या सिस्टीमला पाव व्होल्टच्या आत, ४८ व्होल्टवाल्याला साधारण एका व्होल्टच्या आत हवा.

जास्त आला तर लग काढा, पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा, घासून चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. तरीही फरक राहिला तर केबल बारीक आहे किंवा विनाकारण लांब आहे. इन्व्हर्टर हॉलमध्ये आणि बॅटरी जिन्याखाली, ही मांडणी आपल्याकडे फार दिसते. बायकोला बॅटरी दिवाणखान्यात नको असते हे खरं, पण मग केबल जाड घ्या.

तपासा: फरक मर्यादेत आल्याशिवाय पुढच्या पायऱ्या करू नका. इथे गळती असताना घेतलेले पुढचे सगळे आकडे वाया.

पायरी ३ : लाईट गेल्यावरचा वेळ मोजणे

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक पूर्ण लाट २० मिलिसेकंदांची. इन्व्हर्टरवर सहसा दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये बदल साधारण १० ते २० मिलिसेकंदांत होतो. साध्या किंवा वाइड मोडला त्याच्या दुपटीइतका वेळ लागू शकतो. कॉम्प्युटरच्या चांगल्या एसएमपीएसला (आतल्या पॉवर सप्लायला) पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंदच तग धरता येतो. लोड कमी असेल तर जास्त. म्हणून एकाच टेबलावरचा एक पीसी टिकतो आणि दुसरा पडतो. त्यात बॅटरीचा दोष नसतो.

मोजायची युक्ती सोपी आहे. बॅटरीच्या लाईनवरच्या एखाद्या स्विचबोर्डावर नारिंगी निऑन इंडिकेटर असतो. निऑनला दम नसतो. वीज गेली की तो लगेच विझतो. एलईडी बल्बच्या आत कपॅसिटर असतो, तो अंतर झाकून टाकतो. जुना तारेचा बल्ब तापलेला असल्यामुळे तोही खोटं बोलतो.

१. खोली अंधारी करा, फोन टेकवून ठेवा आणि २४० फ्रेमवर निऑनचं चित्रण सुरू करा.
२. दुसऱ्या कुणाला तरी इन्व्हर्टरच्या इनपुटचा एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप होणारा स्विच) खाली पाडायला सांगा. जिवंत प्लग उपटू नका.
३. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवा. नेहमीच्या स्थितीत निऑन मंद-तेज होत राहील, अधूनमधून एखादी काळी फ्रेमही येईल. बदलाच्या क्षणी सलग किती काळ्या आल्या ते मोजा.
४. प्रत्येक फ्रेमला साधारण ४ मिलिसेकंद धरा. सलग चार काळ्या म्हणजे १६च्या आसपास, एक फ्रेम इकडे-तिकडे.

एकदा करून थांबू नका. लाटेच्या कोणत्या टोकावर वीज तुटली यावर वेळ बदलतो. चार-पाच वेळा करा आणि सगळ्यात वाईट आकडा धरा. काही फोन २४० म्हणतात आणि एकच फ्रेम दोनदा छापतात. त्यामुळे आधी साधा निऑन शूट करून पाहा. लागोपाठच्या जोड्या हुबेहूब सारख्या दिसत असतील तर तो फोन या कामाचा नाही.

सावध: एमसीबी पाडणं आणि खरी लाईट जाणं सारखं नसतं. लाईन तुटल्यावर गल्लीतले पंखे आणि मोटारी फिरत असतात, त्या काही क्षण लाईनवर व्होल्टेज टिकवून धरतात. ते हळूहळू उतरतं आणि इन्व्हर्टरला वीज गेल्याचं उशिरा कळतं. मोजलेल्या आकड्यावर थोडा वाढावा धरून चाला.

आता मोडचा प्रश्न. यूपीएस मोड व्होल्टेज सहसा १८० ते २६०च्या आतच स्वीकारतो, वाइड मोड १०० ते २९०पर्यंत चालवून घेतो. घर शेतातल्या वस्तीवर असेल आणि शेतीची लाईन जवळून जात असेल, तर मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १७०वर येतं. यूपीएस मोडमधला इन्व्हर्टर मग लाईट असूनही बॅटरीवर जातो, व्होल्टेज सावरलं की परत येतो आणि रात्रभर रिलेची खट-खट चालते. सकाळी बॅटरी रिकामी. "लाईट गेलीच नव्हती, बॅटरी कशी उतरली?" याचं हे उत्तर. अशा ठिकाणी पूर्ण घर वाइड मोडवर ठेवा आणि कॉम्प्युटर-राउटरला छोटा वेगळा यूपीएस द्या. लातूरच्या अभ्यासिकांनाही माझा हाच सल्ला असतो. वीस पंख्यांसाठी मिलिसेकंद मोजण्यात अर्थ नाही.

वीज परत आल्यावर इन्व्हर्टर थोडा थांबतो, तो दोष नव्हे. ग्रीडला (महावितरणच्या लाईनला) जोडलेला सोलर इन्व्हर्टर तर नियमानुसार किमान मिनिटभर व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी स्थिर पाहूनच जोडतो. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट ये-जा करते तेव्हा हे थांबणंच उपकरणं वाचवतं.

पायरी ४ : बॅटरीवर असताना झटका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मेन बंद, सोलर असेल तर तेही बंद. दोन मीटर एकाच वेळी हवेत: एक एसी व्होल्टेजवर, दुसरा बॅटरीच्या डीसी व्होल्टेजवर. दोन्ही 'मिन' म्हणजे सगळ्यात कमी आकडा धरून ठेवण्याच्या सेटिंगला ठेवा.

आधी दोन पंखे आणि दिवे. मग इस्त्री. इन्व्हर्टर ९००-१००० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, पेटीवर छापलेला आकडा) असेल तर त्याला वॅटमध्ये ८००च्याच आसपास झेपतं, म्हणून तिथे इस्त्रीऐवजी दोनशे-दोनशे वॅटचे जुने बल्ब वापरा. लोड पाव, अर्धा, पाऊण असा वाढवत न्या. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही आकडे लिहा. मोटार सगळ्यात शेवटी. आधी एकटी, मग पंखे चालू असताना.

फ्रिज बंद करून लगेच चालू करू नका, किमान पाच मिनिटं सोडा. आतला दाब उतरलेला नसतो, कॉम्प्रेसर अडकतो, आणि तुम्ही झटका म्हणून जे मोजता ते अडकलेल्या मोटारीचं करंट असतं. घरघंटी रिकामी सुरू करा आणि वेग घेतल्यावर दाणे सोडा. ज्वारी आत भरून ठेवून स्विच दाबणाऱ्या घरात इन्व्हर्टर दर दळणाला बोंबलतो, आणि खापर बॅटरीवर फुटतं.

साध्या क्लॅम्पवर झटक्याचा आकडा शोधू नका. त्याचा पडदा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो आणि झटका त्याच्या आत येऊन जातो. इनरशचं बटण नसेल तर व्होल्टेजच्या पडण्यावरच भिस्त ठेवा.

आता निदान. दोन आकड्यांची जोडी पाहायची.

एसी पडलं आणि डीसी ठाम राहिलं, म्हणजे बॅटरी निरोगी आहे, इन्व्हर्टरची ताकद संपली. नवी बॅटरी आणून काडीचा फरक पडणार नाही.

दोन्ही एकत्र पडले, १२ व्होल्टची बॅटरी १०.५च्या आसपास आली, तर बॅटरी थकली आहे किंवा एवढ्या लोडला लहान आहे. दोन-चार बॅटऱ्या असतील तर प्रत्येकीचं व्होल्टेज लोडखाली वेगळं मोजा. जुन्या संचात एकच नवी टाकली असेल तर बाकीच्या तिला खाली ओढतात.

व्होल्टेज चांगलं होतं आणि सगळं एका फटक्यात बंद, ना बीप ना इशारा, असं लिथियमच्या बाबतीत झालं, तर करंटची मर्यादा ओलांडली म्हणून बॅटरीतल्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणारं आतलं सर्किट) दार लावून घेतलं. हे प्रकरण नीट समजून घ्या. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे पाच युनिट वीज. त्यावर पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर, कागदावर जोडी सुंदर. पण बीएमएस ५० अँपिअरच सतत देणारा असेल तर ती बॅटरी अडीच किलोवॅटच्या वर देऊच शकत नाही. साठा आहे, पण तोटी लहान. बॅटरीच्या पत्रकात युनिटांच्या आधी 'सतत डिस्चार्ज करंट' आणि 'कमाल करंट, किती सेकंद' हे दोन आकडे वाचा.

तपासा: व्होल्टेज २००च्या खाली न जाता अर्ध्या सेकंदात २२०-२३०वर आलं, तर सिस्टीम ठीक आहे. दिवा क्षणभर मिचकला म्हणून घाबरू नका. दिवा मंद झाला आणि मंदच राहिला, तर लोड लगेच कमी करा.

पायरी ५ : लोड काढून पाहा

हे जवळजवळ कुणीच करत नाही. इस्त्री चालू असताना तिचा स्विच एकदम बंद करा आणि एसी व्होल्टेजचा 'मॅक्स' पाहा. क्षणभर वर जाणं चालतं. २५०च्या वर जाऊन रेंगाळलं तर कंपनीच्या माणसाला दाखवा.

सोलर असलेल्यांनी ही चाचणी बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली असताना, भर दुपारी, मेन बंद ठेवून करायची. लोड गेला, बॅटरीत जागा नाही, वरून पॅनेलची वीज येतेय. ती वीज सिस्टीमने ताबडतोब आवरली पाहिजे. इथे बंद पडणारी सिस्टीम अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर मस्त चालते, त्यामुळे बसवणाऱ्याला दोष दिसत नाही.

पायरी ६ : हायब्रीडची पाठलाग-चाचणी

संध्याकाळ, सोलर शून्य, लाईट चालू, बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपास. ॲप बाजूला ठेवा. बऱ्याच ॲपवर आकडे काही मिनिटांनी बदलतात, ते पाहून "बॅटरी पाच मिनिटं उचलत नाही" म्हणणारे खूप भेटतात.

त्याऐवजी महावितरणच्या मीटरवरचा लाल दिवा पाहा. त्यावर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. ३२०० असेल तर एक किलोवॅटला सेकंदाला एकाहून थोडी कमी. बॅटरी घर चालवत असताना हा दिवा जवळजवळ थांबलेला हवा. आता इस्त्री लावा. दिवा धावेल, मग मंदावेल. धावायला लागल्यापासून मंदावेपर्यंतचा वेळ म्हणजे तुमच्या सिस्टीमचा पाठलाग. एक ते पाच सेकंद हे नेहमीचं. कारण मीटर किंवा सीटी (मेन वायरभोवती बसवलेलं, करंट मोजणारं कडं) मोजणार, इन्व्हर्टरला सांगणार, तो पायरीपायरीने वाढवणार.

दिवा मंदावण्याऐवजी आणखी धावायला लागला तर सीटी उलटी बसली आहे. इन्व्हर्टरला वाटतं वीज बाहेर चालली आहे, आणि तो ग्रीडमधून बॅटरी भरायला घेतो. दिवा तसाच धावत राहिला, काहीच बदल नाही, तर सीटी चुकीच्या फेजवर आहे किंवा तो लोड सीटीच्या आधीच फुटून गेला आहे. थ्री फेज घरात सिंगल फेज इन्व्हर्टर बसवला की हे हमखास होतं. सीटीची वायर बेलच्या बारीक वायरने वाढवून पॉवर केबलला चिकटवून नेली असेल तर आकडे भरकटतात.

आणि एवढं करून तीन सेकंदांचं काय घेऊन बसायचं? दोन किलोवॅटचा गिझर, तीन सेकंद उशीर: दीड-पावणेदोन वॅट-अवर. दिवसातून शंभर वेळा झालं तरी युनिटचा सहावा भाग. लोड बंद झाल्यावर तेवढाच क्षण वीज बाहेर जाते, आणि नेट मीटरिंग (बाहेर दिलेली वीज बिलातून वजा होणं) असेल तर ती हिशेबात धरली जातेच. अपवाद इंडक्शन शेगडीचा. मंद आचेवर बऱ्याच शेगड्या दर काही सेकंदांनी चालू-बंद होतात, आणि बॅटरी पोचेपर्यंत शेगडी बंद झालेली असते. भात मंद आचेवर शिजवताना मीटर का फिरतं, ते यामुळे. त्यावर सेटिंग शोधत बसू नका.

पायरी ७ : वाईट दिवशी पुन्हा

पायरी ४ बॅटरी तीस टक्क्यांवर असताना परत करा. शिशाची बॅटरी उतरली की तिचा आतला रोध वाढतो आणि सकाळी चाललेला मिक्सर रात्री ट्रिप करतो. लिथियमला हा फरक कमी जाणवतो.

दुसरी फेरी एप्रिल-मेच्या दुपारी. नांदेड-परभणीकडे बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत किती होतं ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. अनेक इन्व्हर्टर ४०-४५ अंशांच्या वर आपली ताकद आपणच कमी करतात. हिवाळ्यात पास झालेली सिस्टीम उन्हाळ्यात, नेमका कूलर लावल्यावर, नापास होते ती अशी. जाळीला धूळ बसलेली असेल तर आधी ती झाडा, मग मोजा.

पायरी ८ : दुरुस्तीचा क्रम

स्वस्तापासून महागाकडे जा. लग आणि केबल. मोड आणि सीटी. मग लोडची वेळ: फ्रिज आणि मिक्सर एकदम सुरू होणार नाहीत असं पाहा, फ्रिजला लाईट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबणारा स्टॅबिलायझर लावा. बोअरची पाणबुडी मोटार घरच्या बॅटरीच्या लाईनवरून काढाच. टाकी लाईट असताना भरा. कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस. एवढं झाल्यावर जे उरेल त्यासाठी मोठा इन्व्हर्टर किंवा जास्त करंटची बॅटरी.

ती घेताना दुकानदाराकडून चार आकडे बिलाच्या मागे लिहून घ्या: बदलाचा वेळ मिलिसेकंदात आणि तो कोणत्या मोडचा. ओव्हरलोड किती टक्के, किती सेकंद. बॅटरीचा सतत आणि कमाल करंट. आणि हे सगळं किती अंश तापमानाला.